जपानच्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये ब्रँडेड बॅग घेताना: बिल कोण फाडतं, हे आधी बघा

शिंजुकूचं इसेतान, निहोनबाशीचं मित्सुकोशी, ओसाकातल्या उमेदाचं हान्क्यू. सकाळी दहाच्या सुमाराला दारं उघडतात, दोन्ही बाजूंना उभे असलेले कर्मचारी कमरेतून वाकून स्वागत करतात आणि आत शिरल्या शिरल्या पॅरिस-मिलानची बडी नावं ओळीने दिसू लागतात. पहिल्यांदा येणाऱ्याला हे सगळं एकाच मालकाचं दुकान वाटतं. ते तसं नसतं आणि खरेदीतले बरेचसे घोटाळे याच समजुतीतून होतात. पर्यटकांसाठीचं पाच टक्के सवलतीचं कार्ड ओढणीला चालतं, बॅगेला चालत नाही. एका काउंटरवर कर जागच्या जागी वजा होतो, दुसऱ्यावर पूर्ण पैसे भरून वरच्या मजल्यावर रांग लावावी लागते. छप्पर एक असलं तरी खाली दुकानदार दोन असतात. बिल त्यांच्यापैकी कोण फाडतं, हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं.

माल कोणाचा?

जपानीत डिपार्टमेंट स्टोअरला ‘ह्याक्काटेन’ म्हणतात, म्हणजे शंभर जिनसांचं दुकान. बोलताना नुसतं ‘देपातो’. मित्सुकोशीचं मूळ १६७३ साली एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, निघालेल्या एचिगोया या कापडाच्या पेढीत आहे. त्या काळी कापडवाले गाठोडी घेऊन बड्या घरी जात, भाव माणूस पाहून सांगत आणि उधारी सणाला वसूल करत. मित्सुई ताकातोशीने ही रीत मोडली: दुकानात या, रोख द्या, भाव सगळ्यांना एकच. पुढे १९०४ मध्ये मित्सुकोशीने आपण डिपार्टमेंट स्टोअर होत असल्याचं जाहीर केलं. घासाघीस तिथे आजही चालत नाही. ‘थोडं कमी करा ना’ म्हटलं तर समोरची व्यक्ती अवघडते आणि भाव तोच राहतो. घरी माल नेऊन दाखवायची जुनी पद्धत मात्र ‘गाइशो’ या नावाने टिकून आहे. नेमून दिलेला माणूस ठरावीक श्रीमंत घरांना दागिने, घड्याळं, किमोनो, चित्रं दाखवतो आणि त्या घरांना खास सवलत मिळते. पर्यटकाला हे दार उघडं नसतं, त्यामुळे त्यामागे लागू नका.

आता तळमजल्यावरच्या बॅगा. जपानी डिपार्टमेंट स्टोअरांत ‘शोका शिइरे’ नावाचा व्यवहार सर्रास चालतो. माल पुरवठादाराचाच राहतो, गिऱ्हाइकाने तो घेतला की त्या क्षणी स्टोअरने तो खरेदी करून विकला असं धरलं जातं. न विकलेल्या मालाचा धोका पुरवठादाराच्या डोक्यावर असतो, म्हणून भाव, मांडणी आणि विक्रेतेही बहुधा त्याचेच असतात. काही बडे ब्रँड याच्याही पुढे जातात आणि स्टोअरच्या आत जागा घेऊन आपलं स्वतंत्र दुकान चालवतात. याची मोठी सुरुवात १९७८ ची. लुई व्हिताँने त्या वर्षी तोक्यो आणि ओसाकातल्या डिपार्टमेंट स्टोअरांत आपली दुकानं उघडली. तोवर जपानी माणसाला पॅरिसहून परस्पर माल आणणाऱ्या दलालांकडून कितीतरी चढ्या भावाने बॅग घ्यावी लागे. ब्रँड स्वतः आल्यावर भाव, माल आणि दुरुस्ती त्याच्या हातात राहिली, ती आजपर्यंत.

म्हणून काउंटरवर पोहोचल्यावर पहिला प्रश्न हा विचारा: ‘मेन्झेई वा कोको दे देकिमास का?’ म्हणजे ‘करमुक्ती इथेच होते का?’ ‘हाय’, म्हणजे ‘हो’, असं उत्तर आलं तर ब्रँड स्वतः बिल करतो. ‘मेन्झेई काउंटर’ असं म्हणून वर बोट दाखवलं, तर बिल स्टोअरच्या गल्ल्यावर होणार आहे. सवलत, पॉइंट, परतावा, बदली, दुरुस्ती अशा सगळ्या गोष्टी या एका उत्तरावर ठरतात.

निघण्याआधी घरी बसून

ब्रँडच्या जपानी संकेतस्थळावर किंमत येनमध्ये दिलेली असते. एप्रिल २०२१ पासून जपानमध्ये करासह एकूण किंमत दाखवणं बंधनकारक आहे, त्यामुळे दिसणारा आकडा करासकटचा असतो. कपडे, बॅगा, घड्याळं, सौंदर्यप्रसाधनं यांवर उपभोग कर १० टक्के आहे, खाण्याच्या पदार्थांवर ८. इथे एक चूक फार जण करतात. ३,३०,००० येनची बॅग पाहून ‘१० टक्के म्हणजे ३३,००० सुटतील’ असं धरतात. कर मूळ ३,००,००० वर लागलेला असतो, म्हणून तो ३०,००० आहे. छापील किमतीच्या ९.०९ टक्के.

आता पूर्ण हिशेब मांडू. समजा १ येन म्हणजे ६० पैसे. करमुक्त ३,००,००० येन म्हणजे १,८०,००० रुपये. बऱ्याच भारतीय क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाचं शुल्क ३.५ टक्के असतं: ६,३०० रुपये. त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी: १,१३४ रुपये. आता भारतीय कस्टम. २०१६ च्या बॅगेज नियमांत भारतीय प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतचा माल मोफत आणि त्यावर एकूण ३८.५ टक्के शुल्क, असं गणित होतं. त्या आकड्यांनी १,३०,००० वर ५०,०५० रुपये लागतात. बेरीज २,३७,४८४ रुपये. मर्यादा आणि दर सरकार बदलतं, त्यामुळे निघायच्या आठवड्यात चालू आकडे आणि त्या दिवशीचा येनचा भाव घालून हीच बेरीज पुन्हा करा. मग तीच बॅग मुंबईत, समजा बीकेसीच्या जिओ वर्ल्ड प्लाझात, काय भावाने आहे ते ब्रँडच्या भारतीय संकेतस्थळावर बघा. जुलै २०२४ मध्ये डॉलरला जवळपास १६१ येन पडत होते, तेव्हा जगभरचे लोक बॅगांसाठी जपानला धावले. त्यानंतर ब्रँडांनी जपानमधल्या किमती वाढवल्या. ‘जपानमध्ये स्वस्त’ हे तेव्हाचं वाक्य आज जसंच्या तसं धरू नका.

जो खरोखर जपानमध्येच घेण्यात अर्थ आहे, असा माल वेगळा आहे आणि आमच्या मते भारतीय प्रवाशाने आधी तिकडे बघावं. जपानी डिझायनर इस्सेय मियाकेचे प्लीट्स प्लीझचे चुण्यांचे कपडे (१९९३ पासून), त्याच घरच्या त्रिकोणी तुकड्यांच्या बाओ बाओ बॅगा, योशिदा कंपनीच्या पोर्टर बॅगा, मिकिमोतोचे मोती, ग्रँड सेइको घड्याळं. हा माल तिथलाच, निवड तिथे सर्वांत मोठी आणि किंमतही बहुधा बाहेरच्यापेक्षा कमी. चुण्यांचे कपडे गुंडाळी करून बॅगेत टाकले तरी सुरकुतत नाहीत, इस्त्री लागत नाही. साडीची घडी सांभाळणाऱ्या घराला याचं सुख वेगळं सांगायला नको.

कार्डाच्या तीन गोष्टी घरूनच पक्क्या करा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहार चालू करा. एका व्यवहाराची मर्यादा वाढवा. पिन पाठ करा: २०२५ च्या वसंतापासून जपानमध्ये पिन टाळून नुसती सही करण्याची सोय जवळपास संपली आहे. दुसऱ्या बँकेचं एक कार्ड जवळ ठेवा, कारण मोठी रक्कम पाहून बँकेची यंत्रणा पहिला व्यवहार अडवते आणि तपासणीचा फोन भारतातल्या नंबरावर जातो.

दिवस आणि वेळही बघा. बहुतेक मोठी स्टोअर १० किंवा १०.३० ते ७.३० किंवा ८ पर्यंत उघडी असतात आणि १ जानेवारीला बंद. मोठे सेल जानेवारीत आणि जूनअखेर-जुलैत लागतात, पण बडे ब्रँड त्यात नसतात, तेव्हा बॅगेसाठी सेलची वाट पाहू नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी, उघडल्यावर पहिल्या तासात जा. शनिवारी दुपारी काही ब्रँडांच्या दारात आकडा घेऊन थांबावं लागतं.

पासपोर्ट: यावाचून काहीच नाही

करमुक्तीसाठी मूळ पासपोर्ट लागतो. झेरॉक्स, फोनमधला फोटो चालत नाही. ज्यांनी ‘व्हिजिट जपान वेब’ या जपान सरकारच्या प्रवाशांसाठीच्या संकेतस्थळावर नोंदणी करून करमुक्तीचा क्यूआर कोड घेतला आहे त्यांना काही दुकानांत तो दाखवता येतो, पण सगळीकडे नाही. पासपोर्टमध्ये जपानात उतरल्याचा स्टिकर आहे ना, ते इमिग्रेशनच्या खिडकीवरून हलण्याआधी बघा. दुकानदार तोच वाचतो.

कोणाला मिळते? जपानमध्ये अल्पकालीन व्हिसावर आलेल्याला, आगमनापासून सहा महिन्यांच्या आत. तोक्योच्या निशी-कासाईत राहणारा, आयटीत काम करणारा आपला भाचा परदेशी पासपोर्टाचा असला तरी त्याला मिळत नाही, विद्यार्थी व्हिसावरच्या भाचीलाही नाही. यातून नेहमीची अडचण होते. मावशी पर्यटक म्हणून आलेली, पासपोर्ट तिचा, पण पैसे भाचा आपल्या जपानी कार्डाने भरतो. मेन्झेई काउंटरवर कार्डावरचं नाव आणि पासपोर्टावरचं नाव जुळत नाही आणि कागद परत येतात. पासपोर्ट जिचा, खरेदी तिची आणि कार्डही तिचंच हवं, किंवा तिने रोख द्यावेत. परत विकण्यासाठी घेतलेल्या मालाला ही सूट नाही, त्यामुळे एकाच नमुन्याच्या चार बॅगा मागितल्या तर नकार येऊ शकतो.

काउंटरवर

आत गेल्यावर हात न लावता विचारा. ‘मिसेते कुदासाई’, म्हणजे ‘दाखवा’. विक्रेती हातमोजे घालते, मखमली ताटली पुढे ठेवते, बॅग त्यावर ठेवून आधी पुढून आणि मग मागून दाखवते. मापासाठी आरशासमोर खांद्याला लावून बघा, यात कोणी घाई करत नाही. रंग नसेल तर ‘झाइको’ म्हणजे साठा विचारा. दुसऱ्या शाखेतून मागवण्याला ‘तोरियोसे’ म्हणतात. त्याला काही दिवस लागतात, म्हणून प्रवासाच्या पहिल्याच दिवशी सांगा. ‘गेनपिन कागिरी’ ऐकू आलं तर समोरची वस्तू शेवटची आणि बहुधा मांडणीतली आहे. ती घ्यायची तर दुप्पट बारकाईने बघा.

पसंत पडली की आतून नवी बॅग येते आणि विक्रेती ती तुमच्यासमोर तपासते. ही तपासणी शिष्टाचार म्हणून बघून सोडून देऊ नका, तीत सामील व्हा. एकदा घरी नेल्यावर ‘हा ओरखडा आधीचा’ हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्य असतं. क्रम असा ठेवा. मूठ जिथे बॅगेला शिवली आहे तिथले टाके, दोन्ही बाजूंचे. चेन टोकापासून टोकापर्यंत दोनदा, उघडताना आणि मिटताना. कातड्याच्या कडांवरचा रंग सलग आहे का, कुठे फुगा किंवा भेग आहे का. पट्ट्याची भोकं समान अंतरावर आहेत का. आतल्या अस्तराचे कोपरे बोटाने चाचपा. धातूच्या भागावर उजेड तिरका पाडून बघा, समोरून पडणाऱ्या उजेडात बारीक ओरखडे दिसत नाहीत. कातड्यावर जनावराच्या शिरांची पुसट रेघ दिसली तर तो दोष नसतो, पण नको वाटली तर ‘होका नो वा आरिमास का’, ‘दुसरी आहे का’, हे विचारण्यात काही गैर नाही.

रंगवलेलं किंवा लेप दिलेलं नसलेलं फिकट कातडं, लुई व्हिताँच्या मुठींना असतं तसं, घेताना एक जाणून घ्या: पाण्याचा थेंब पडला की डाग पडतो आणि जात नाही. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर वापरायची असेल तर लेपवाल्या कापडाची, गडद मुठीची बॅग शहाणपणाची.

मगर, अजगर, सरडा यांच्या कातड्याची वस्तू घेऊच नका. ती जपानबाहेर काढायला साइट्स, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, परवान्याची गरज पडू शकते, भारतात उतरतानाही कागद मागू शकतात, आणि ते नसले तर वस्तू जप्त होऊ शकते. घड्याळाचा पट्टासुद्धा यात येतो. पट्टा विकत घेतानाच वासराच्या कातड्याचा बदलून घ्या.

पैसे देताना विक्रेती ‘ओशिहाराई काइसू वा?’ विचारेल: किती हप्त्यांत? उत्तर ‘इक्काई दे’, एकदाच. परदेशी कार्डावर हप्ते चालत नाहीत. मशीनवर रुपये की येन असा पर्याय आला तर येन निवडा. रुपये निवडले की दर मशीनमागची कंपनी लावते आणि तो बँकेच्या दराहून वाईट असतो.

मोठ्या स्टोअरांचं परदेशी पाहुण्यांसाठीचं पाच टक्के सवलतीचं कार्ड किंवा कूपन पासपोर्ट दाखवून मिळतं, काही ठिकाणी आता अ‍ॅपवर. आधी हे घ्या, मग खरेदी करा. बिल झाल्यावर ते लागू होत नाही. बड्या ब्रँडांचे काउंटर, खाद्यपदार्थ आणि सेलचा माल बहुधा यातून वगळलेला असतो. जपानी डिझायनरांचे कपडे, चपला, ओढण्या, छत्र्या, स्वयंपाकाच्या सुऱ्या यांवर मात्र चांगला उपयोग होतो.

करमुक्ती: जुनी रीत आणि नवी रीत

हा भाग तारखेवर अवलंबून आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुकानातच करमुक्त किंमत मिळते किंवा कर परत मिळतो. १ नोव्हेंबर २०२६ पासून पूर्ण किंमत भरायची आणि जपान सोडताना कस्टमने खात्री केल्यावर कर परत, अशी रीत आहे.

जुन्या रीतीत एका दुकानात एका दिवशी, कर सोडून, किमान ५,००० येनची खरेदी लागते. ब्रँड स्वतः बिल करत असेल तर तो पासपोर्ट वाचून कर वजा करूनच पैसे घेतो. स्टोअर बिल करत असेल तर पूर्ण पैसे भरा, पावत्या सांभाळा आणि त्याच दिवशी त्याच इमारतीच्या मेन्झेई काउंटरवर जा. वेगवेगळ्या काउंटरच्या पावत्या इथे एकत्र करता येतात, पण ब्रँडच्या स्वतंत्र गल्ल्यावरचं बिल या बेरजेत धरलं जात नाही. बरोबर चार गोष्टी हव्यात: मूळ पासपोर्ट, पावत्या, वस्तू आणि ज्याने पैसे भरले ते कार्ड. वस्तू हॉटेलवर ठेवून आलात तर काम होत नाही. मोठी स्टोअर या सेवेचं शुल्क कापतात, साधारण दीड टक्का. म्हणजे ३,००,००० येनच्या मालावर ३०,००० ऐवजी सुमारे २५,५०० हातात येतात. हिशेबात हे आधीच धरा. संध्याकाळी सहानंतर या काउंटरवर मोठी रांग असते, आणि रांगेत उभं असताना स्टोअर बंद झालं तर दुसऱ्या दिवशी त्या पावत्या घेतल्या जात नाहीत. शक्यतो दुपारी चारच्या आत वर जा.

पर्फ्युम, क्रीम, चॉकलेट हा ‘उपभोग्य’ माल जुन्या रीतीत पारदर्शक पिशवीत सील करून मिळतो, मर्यादा ५,००० ते ५,००,००० येन. जपान सोडेपर्यंत ती पिशवी फोडायची नाही. त्यात १०० मिलिलिटरहून मोठी बाटली असेल तर ती हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीतून जाणार नाही, चेक-इन सामानात टाका.

नव्या रीतीत हा उपभोग्य-बिगरउपभोग्य भेद, सील आणि वरची मर्यादा तिन्ही गेल्या. ५,००० येनची खालची अट राहिली. दुकानात पासपोर्ट दाखवायचा तर असतोच, कारण खरेदीची नोंद तिथूनच कस्टमकडे जाते. खरेदीपासून ९० दिवसांच्या आत माल देशाबाहेर नेत असल्याची कस्टमकडून खात्री झाली की परतावा मिळतो. तो रोख की कार्डावर, हे दुकान किंवा त्याची एजन्सी ठरवते, म्हणून बिल करतानाच विचारून घ्या आणि नोंदवून ठेवा. कर सोडून १० लाख येन किंवा त्याहून महाग वस्तूसाठी अनुक्रमांकासारखी ओळख नोंदवतात. घड्याळाच्या हमीपत्रावरचा क्रमांक आणि पावतीवरचा क्रमांक तिथल्या तिथे जुळवून बघा.

दोन्ही रीतींत विमानतळावर एकच नियम पाळा: करमुक्त महाग वस्तू चेक-इन सामानात टाकू नका. कस्टमने दाखवा म्हटलं आणि सुटकेस पट्ट्यावरून पुढे गेलेली असेल तर काही करता येत नाही. जुन्या रीतीत तिथे कर भरावा लागतो, नव्या रीतीत परतावा बुडतो. बॅग हातातल्या सामानात ठेवा, पावती पासपोर्टबरोबर, आणि विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा. घेतलेला माल जपानमधून स्वतः पार्सलने पाठवून करमुक्ती घेण्याची वाट एप्रिल २०२५ पासून बंद आहे.

बांधणी, आणि पाऊस

पावती, हमीपत्र, धूळपिशवी, खोका, पट्टा, कुलूपकिल्ली ही मोजणी काउंटरवरच करा. ‘गिफ्ट’ म्हटलंत तर स्टोअर कागदात तिरक्या घडीने एका दमात गुंडाळून देतं. मित्सुकोशीच्या कागदावरचे लालसर आकार चित्रकार इनोकुमा गेन’इचिरोने १९५० मध्ये केलेले आहेत. भारतात उतरल्यावर कस्टमने उघडा म्हटलं तर हा सुंदर कागद फाडावा लागतो, म्हणून बांधू देऊ नका. ‘कागद घडी करून वेगळा द्या’ असं सांगा, ते आनंदाने देतात.

बाहेर पाऊस सुरू झाला की अनेक स्टोअरांत एक ठरावीक धून वाजते. गिऱ्हाइकाला ती नुसती गोड वाटते. खिडकी नसलेल्या मजल्यावरच्या कर्मचाऱ्यांना मात्र तिचा अर्थ कळतो, आणि पुढच्या प्रत्येक कागदी पिशवीवर पारदर्शक आवरण चढतं. काउंटरवर पिशवीवर प्लास्टिक चढताना दिसलं तर छत्री बाहेर काढून ठेवा.

परत करण्याबद्दल: दुकानात जाऊन घेतलेली वस्तू ‘आवडली नाही’ म्हणून परत करण्याचा कायदेशीर हक्क जपानमध्ये नाही. काही ब्रँड न वापरलेल्या वस्तूची बदली पावतीवर करून देतात, काही नाही. करमुक्त बिल झालेलं असेल तर बदली त्याच दुकानात करावी लागते आणि कागदपत्रं पुन्हा होतात. म्हणून मनात शंका असेल तर त्या दिवशी घेऊ नका.

कपड्यांचं माप थोडक्यात: बायकांच्या कपड्यांवर ७, ९, ११, १३ असे आकडे असतात, ९ म्हणजे साधारण मीडियम. जपानी ९ आपल्याकडच्या मीडियमपेक्षा खांद्यात आणि दंडात आवळ बसतो. चपलांचं माप सेंटिमीटरमध्ये. ट्रायल रूममध्ये चपला बाहेर काढायच्या आणि डोक्यावरून घालायच्या कपड्यासाठी दिलेलं पातळ तोंडावरचं कापड वापरायचं, लिपस्टिकचा डाग पडू नये म्हणून. लांबी कमी करायला ‘ओनाओशी’ म्हणा, दोन-चार दिवस लागतात.

वापरलेल्या बॅगा

जपानचा जुन्या ब्रँडेड मालाचा बाजार विश्वासाचा आहे, आणि त्याला कारणं आहेत. जुना माल विकायला पोलिसांकडचा परवाना लागतो, आणि १९९८ साली स्थापन झालेली एएसीडी ही व्यापाऱ्यांची संस्था नकली माल बाजाराबाहेर ठेवण्यासाठी काम करते. नागोयात सुरू झालेलं कोमेह्यो हे यातलं मोठं नाव. प्रत्येक बॅगेला दर्जा लिहिलेला असतो: एन किंवा एस म्हणजे नवी किंवा नव्यासारखी, मग ए, एबी, बी, सी. भारतीय डोळ्याला त्यांची बी दर्जाची बॅगसुद्धा चांगली दिसते. पण अक्षरावर न थांबता खालचं बारीक टिपण वाचा, फोनच्या भाषांतर अ‍ॅपने वाचता येतं. ‘बेतात्सुकी’ हा शब्द दिसला की थांबा. जुन्या बॅगांच्या आतला कृत्रिम लेप काळाने चिकट होतो आणि सोलवटतो. तिथल्या वातानुकूलित दुकानात तो किंचित चिकट लागतो, ठाण्याच्या जुलैत आत ठेवलेला कागद त्याला धरून बसतो. हात आत घालून खिशाच्या तळाशी बोट दाबून बघा, आणि वास घ्या. कुबट वास पुढे जात नाही. आत ब्रँडचा छापील कोड सापडला नाही म्हणून बॅग नकली ठरत नाही: २०२१ पासून लुई व्हिताँ आणि शनेल नव्या बॅगांत चिप बसवतात. या दुकानांतही करमुक्ती मिळते, अट तीच.

जपानमध्येच राहणाऱ्यांसाठी

करमुक्ती नसली तरी एक गोष्ट आहे जी पर्यटकाला मिळत नाही: ‘तोमो नो काई’, स्टोअरचं ग्राहक मंडळ. बारा महिने दरमहा १०,००० येन भरा, शेवटी १,३०,००० येनचं खरेदी कार्ड मिळतं. आपल्याकडच्या सराफांची अकरा हप्त्यांवर बारावा हप्ता दुकानाचा ही योजना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे लगेच कळेल. सामील होण्याआधी स्टोअरला एकच यादी मागा: हे कार्ड कोणकोणत्या ब्रँडांच्या काउंटरवर चालत नाही. ती यादी प्रत्येक स्टोअरची वेगळी असते आणि बड्या ब्रँडांपैकी काही त्यात असतातच. पुन्हा तोच प्रश्न येतो, बिल कोण फाडतं.

भारतात उतरल्यावर

शुल्क लागतं असा माल असेल तर लाल वाटेने जा, पावती दाखवा, भरा. मोफत मर्यादा माणशी असते. नवराबायकोच्या मर्यादा एकत्र करून एका बॅगेवर लावता येत नाहीत. खोका फेकून ‘जुनीच आहे’ सांगायचा सल्ला बरेच जण देतात, तो ऐकू नका: नव्या बॅगेच्या मुठीवरची संरक्षक पट्टी आणि नवी शिवण अधिकाऱ्याला दिसते, आणि मग शुल्काबरोबर दंडही पडतो.

घरी आल्यावर बॅग प्लास्टिकमधून बाहेर काढा. प्लास्टिकमध्ये पावसाळ्यात आठवडाभरात बुरशी धरते. आत साधा पांढरा कागद चुरगाळून भरा, वर्तमानपत्र नको, शाई अस्तराला लागते. सिलिका जेलच्या दोन पुड्या आत टाका, त्या ओल धरून जड झाल्या की बदला. धूळपिशवीत घालून, बंद कपाटात न ठेवता, थोडी हवा खेळेल अशा फळीवर ठेवा, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून कोरड्या मऊ फडक्याने पुसा, शिवणीपासून सुरुवात करून, कारण बुरशी आधी तिथेच दिसते.